टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल: गोळी एकीची, सल्ला दुसरीचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात दोघी जावा दर महिन्याला एकत्र येतात. थोरली ६१ वर्षांची, धाकटी ४३ ची. दोघींना स्तनाचा कर्करोग झालेला, दोघींचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होऊन गेलेलं. चिठ्ठी पुढं करताना दोघी एकच वाक्य बोलायच्या, "ताई, ती हार्मोनची गोळी द्या." थोरलीची असायची लेट्रोझोल, २.५ मिलिग्रॅमची. धाकटीची टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅमची. दोन्ही रोज एक, दोन्ही कित्येक वर्षं घ्यायच्या. घरात दोन्हींना नाव एकच, 'हार्मोन'.

मागच्या पावसाळ्यात धाकटीची डावी पोटरी दुखायला लागली. थोरलीचे गुडघे आणि बोटं वर्षभर ठणकत होती, तिनं अनुभवाचं सांगितलं, "ह्या गोळीनं ठणकतंयच गं. माझं बी ठणकतंय. चालत राहा, कमी येतंय." वर रात्री तेल लावून पोटरी चोळूनही दिली. पाचव्या दिवशी धाकटी दुकानात आली तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा उघड जाड दिसत होता. तिला मी काउंटरवरनंच डॉक्टरांकडं पाठवलं. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. थोरलीनं चुकीचं काही सांगितलं नव्हतं. तिच्या गोळीला ते सगळं लागू होतं.

मुळात 'हार्मोनची गोळी' हे नावच घोळ घालतं. पाळी गेल्यावर काही बायकांना त्रास कमी व्हावा म्हणून इस्ट्रोजेन देतात, तीही हार्मोनचीच गोळी. आपल्या या दोन गोळ्या तर इस्ट्रोजेनच्या वैरी आहेत. ज्या गाठीला इस्ट्रोजेनचं खतपाणी लागतं, म्हणजे रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' लिहून येतं, तिथंच त्या चालतात.

वैर करायची दोघींची तऱ्हा मात्र वेगळी, आणि ती कोल्हापूरकरांना उसाच्या रानावरनं लगेच कळते. टॅमॉक्सिफेन एका रानाचं दार धरते. पाटातून पाणी वाहतच असतं, फक्त स्तनाच्या रानात शिरत नाही. गर्भाशयाच्या आणि हाडांच्या रानात मात्र ही गोळी स्वतःच थोडं पाणी सोडल्यासारखं वागते. लेट्रोझोल दारापाशी जात नाही, ती मोटरच बंद करते. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात चरबी आणि स्नायूंमध्ये एक एन्झाइम थोडंथोडं इस्ट्रोजेन तयार करत असतं, त्याचं नाव अरोमाटेज. ते बंद पडलं की पाट कोरडा आणि त्यावरची सगळी रानं कोरडी. अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ह्या लेट्रोझोलच्याच घरातल्या.

आता दुखण्याकडं बघा. लेट्रोझोलचं दुखणं दोन्ही बाजूंना येतं: दोन्ही हात, दोन्ही गुडघे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पिठाचा डबा उघडत नाही, थोडी हालचाल झाली की सैल पडतं. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू होतं. काहींची बोटं वाकतात आणि अडकतात, काहींच्या मनगटाची नस दबून हाताला मुंग्या येतात. ह्यावर चालणं हा खरोखरच उपाय आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करणाऱ्या बायकांचं सांधेदुखीची तीव्रता वर्षभरात सुमारे २९ टक्क्यांनी उतरली. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या बायका पहिला भाग करतात, दुसरा सोडून देतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलल्या तरी चालतं, पण उचलायला हव्यात. तरीही भागलं नाही तर डॉक्टर दोन-तीन आठवडे गोळी थांबवून त्याच घरातली दुसरी देऊन बघतात, किंवा दुखणं कमी करणारी ड्युलोक्सेटिन देतात. एक गोळी सोसली नाही म्हणून तिची बहीणही सोसणार नाही असं नसतं.

टॅमॉक्सिफेनवर सांधे दुखतच नाहीत असं नाही, पण ज्या दुखण्याची धास्ती घ्यायची ते एकाच पायाचं असतं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, चालताना ओढ बसली, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. एकदम दम लागला किंवा छातीत कळ आली तर दिवसही बघायचा नाही, गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. अशा गुठळ्या फार बायकांना होत नाहीत, पण होतात. तपासणीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनवाल्यांना मी सांगते, पाणी प्या आणि जाग येईल तेव्हा डब्यातनं एक फेरी मारा. दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं, अगदी पित्ताशयाचं असलं, तरी सर्जनला ह्या गोळीचं नाव आधी सांगायचं. काही वेळा ती आधीपासून थांबवावी लागते.

कमरेखालच्या तक्रारी बायका काउंटरच्या टोकाला येऊन, आवाज उतरवून सांगतात, आणि तिथंही दोघींचं गणित उलटं. लेट्रोझोलनं कोरडेपणा येतो, जळजळ होते, नवऱ्याजवळ जाणं नको होतं, लघवीला वारंवार त्रास होतो. ह्याला हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातनं दोन-तीनदा, आणि संबंधाच्या वेळी पाण्याचा बेस असलेलं जेल. इस्ट्रोजेनची क्रीम दुकानातनं मागून नेऊ नका. मोटर बंद करून बादलीनं पाणी ओतल्यासारखं ते होतं, कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. टॅमॉक्सिफेननं उलट पांढरं जातं, बऱ्याचदा नुसतं पाण्यासारखं, आणि त्याला उपचार लागतोच असं नाही. पण पाळी गेलेल्या बाईला लाल डाग दिसला, एकच दिसला तरी, तो सांगायचा. गर्भाशयाच्या रानात पाणी चालू असतं हे विसरायचं नाही. तिथल्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होणारा असतो. "वयात होतंय असं" म्हणून सहा महिने काढलेल्या बायका मी पाहिल्यात. पाळी चालू असणाऱ्यांनी आणखी एक: टॅमॉक्सिफेनवर पाळी चुकली तरी दिवस राहू शकतात आणि गर्भाला ही गोळी घातक आहे. निरोध किंवा तांबी वापरायची, गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. आणि निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं.

गरम वाफा दोन्हींत येतात. इथं जावांनी एकमेकींना सल्ले द्यायला काही हरकत नाही: सुती गाऊन, उशाशी ओला नॅपकिन, रात्रीचा चहा बंद. तांबडा रस्सा आणि कट वरनं ओतलेली मिसळ काहींच्या वाफा भडकवतात, काहींच्या नाही. आठवडाभर लिहून बघा, उगाच सगळं अळणी करू नका. ह्या गावात ती शिक्षा फार मोठी आहे. वाफांसाठी डॉक्टर कधी कधी डिप्रेशनवरची गोळी लिहितात. पाकीट बघून घाबरू नका, वेडबिड काही लागलेलं नाही. पण इथंही एक फरक आहेच. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर तिचं जोरदार रूप तयार होतं, आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या ते तयार होऊ देत नाहीत. व्हेनलाफॅक्सिन त्या मानानं चालते. लेट्रोझोलवालीला ही अडचण नाही. म्हणून शेजारणीच्या वाफांची गोळी आपल्याला चालेल असं धरू नये. शतावरी कल्पाचंही तेच. 'बायकांचं टॉनिक' म्हणून घरोघरी असतो, त्यात इस्ट्रोजेनसारखे गुण मानले जातात. ह्या दोन्ही गोळ्यांच्या काळात डबा फडताळात राहू दे.

हाडांचं मात्र थोरलीनं जास्त मनावर घ्यायला हवं. लेट्रोझोलनं ती झिजतात, दुखत नाहीत, आणि मोडेपर्यंत कळतही नाही. गोळी सुरू करताना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, मग साधारण दोन वर्षांनी पुन्हा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेलाभर म्हशीचं दूध पिणाऱ्यांना वाटतं, कॅल्शियम झालं. एका पेल्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम मिळतं, पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं. नाचणीची भाकरी, तीळ, दही धरून जेवढं कमी पडेल तेवढी गोळी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी असते ती आठवड्याची, रोजची नाही. हे मी पुडीवर पेनानं लिहून देते, तरी एका काकूंनी ओळीनं आठ दिवस घेतलीच. हाडं जास्त विरळ असतील तर झोलेड्रॉनिक अॅसिडचं सलाईन देतात, त्याआधी दात दाखवून घ्यायचे. टॅमॉक्सिफेन पाळी गेलेल्या बाईची हाडं राखते. तिनं डोळे तपासत राहावं, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

त्रास झाला की बायका डॉक्टरांना सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. मला ते कॉम्प्युटरवर दिसतं, तीन महिने बिलच नसतं. गाठ इस्ट्रोजेनवाली असेल तर टॅमॉक्सिफेन ५ वर्षं घेतल्यानं त्या आजारानं मरण्याचा धोका जवळजवळ एक तृतीयांशानं घटतो, आणि हा फायदा गोळी थांबल्यावरही कित्येक वर्षं पुरतो. एवढं हातचं सोडायच्या आधी एक फोन करायला काय जातं? एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, बस्स.

थोरलीनं एकदा विचारलं होतं, "माझी गोळी हिला का देत नाहीत? हिची पाळी तर केमोनं बंद झालीय." ह्या प्रश्नात भलेभले अडकतात. केमोनं पाळी थांबते, ती जातेच असं नाही. चाळिशीत अंडाशय पुन्हा जागं होऊ शकतं, आणि अंडाशय म्हणजे नदीवरची मोठी मोटर. लेट्रोझोलनं चरबी-स्नायूंतली, म्हणजे विहिरीवरची छोटी मोटर बंद होते, मोठी नाही. उलट इस्ट्रोजेन कमी दिसलं की मेंदू तिला जोरात चाल म्हणून निरोप धाडतो. म्हणूनच मूल होत नसलेल्या बायकांनाही हीच लेट्रोझोल देतात. भारतात त्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मोबाईलवर गोळीचं नाव शोधून "ही तर वंध्यत्वाची" म्हणत दुकानात भांडायला आलेला एक मुलगा मला चांगला आठवतो.

गुठळीनंतर धाकटीची टॅमॉक्सिफेन बंद झाली, रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी आता तिला लेट्रोझोलच दिलीय, सोबत पोटाच्या कातडीखाली घ्यायचं गोसेरेलिनचं इंजेक्शन, दर २८ दिवसांनी. मागच्या आठवड्यात दोघी आल्या. थोरली म्हणाली, "आता दोघींची एकच झाली की. मग हिलाच सुई कशाला? मला तर नाही." मी बिल उलटं करून पाट काढला, विहीर काढली, नदी काढली. धाकटीचं माहेर शिरोळकडं, तिथं नदीवरनं पाणी उचलतात. ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सुई नदीची मोटर बंद ठेवायला, नि गोळी विहिरीची. आक्काची नदी आधीच आटलीय."

थोरलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग पर्समधनं कॅल्शियमची रिकामी पट्टी काढली आणि म्हणाली, "ही दोघींना द्या."