नळयोजनेचा प्रस्ताव परत का येतो?

जुनी नळयोजना वाढवायची, तर ग्रामपंचायतीने जल जीवन मिशनमधून प्रस्ताव करायचा. निकष माणशी रोज 55 लिटर, तेही घरातल्या नळाला. गाव कृती आराखडा आणि पाणीपुरवठा समितीची यादी (निम्म्या महिला हव्यात) ही कागदं सहसा अडत नाहीत. ग्रामसभेच्या ठरावात गणपूर्ती तपासा: 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी असेल ती. सभा तहकूब होऊन पुन्हा भरली असेल, तर इतिवृत्तात तसं लिहा.

घोडं अडतं जागेपाशी. टाकीला 2 गुंठे कुणीतरी मोठ्या मनाने देतो आणि स्टॅम्पपेपरवर संमती लिहून देतो. त्याने मालकी बदलत नाही. दान द्यायचं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बक्षीसपत्रच लागतं, दोन साक्षीदारांसह, आणि मग फेरफार. सातबाऱ्यावर सासरी गेलेल्या बहिणींचीही नावं असतात. त्यांच्या सह्या आधी घ्या, नाहीतर टाकीचे कॉलम उभे राहिल्यावर हरकत येते. सातबारा ऑनलाइन दिसत असूनही प्रत्येक टेबलावर वेगळी प्रत मागतात. वाद घालू नका, चार प्रती काढून ठेवा.

दुसरी अडचण उद्भवाची, म्हणजे पाणी जिथून घ्यायचं त्या विहिरीसारख्या स्रोताची. 1,800 वस्तीला रोज 99,000 लिटर लागतात. वीज आठच तास धरली, तर तासाला सुमारे 12,400 लिटर उपसा झाला पाहिजे, आणि गळती वेगळी. विहीर तेवढं देते का, हे एप्रिल-मेमध्येच कळतं. दिवाळीत सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दाखल्यासाठी फेब्रुवारीतच पत्र द्या. मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवल्याचं 2025च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, म्हणून गावं निवांत बसतात. उन्हाळा चुकला की वर्ष गेलं.

लोकवर्गणीचा हिशेब तर हमखास चुकतो. गावाने भरायचे 10 टक्के पूर्ण योजनेवर नाहीत, गावांतर्गत कामांच्या खर्चावर आहेत. योजना 1 कोटी 20 लाखांची आणि त्यातलं गावातलं काम 70 लाखांचं असेल, तर वर्गणी 7 लाख, 12 लाख नव्हे. डोंगरी, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना 5 टक्केच. श्रमदान आणि साहित्यही यात धरतात. पण चर खणायला कोण किती दिवस आलं, याचा हजेरीपटच नसेल, तर ते धरणार कशावर?