गाभोळीच्या दगडाची घरं

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा पिवळसर दगड भिंगाखाली धरला की माशाची गाभोळीच आठवते. बारीक, गोल, एकमेकांना चिकटलेले दाणे. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. शिंपल्याचा एखादा कण लाटांबरोबर तळाशी गडगडत राही आणि त्यावर चुन्याचे थर चढत जात. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाक चढतो ना, अगदी तसे!

खाणीतून नुकताच निघालेला हा दगड ओला असतो, करवतीनं कापता येतो. वाळताना आतलं पाणी विरघळलेला चुना पृष्ठभागाशी आणून ठेवतं आणि वरची कड टणक होते. १७६७ ते १७७४ या काळात जॉन वुड (धाकटा) यानं याच दगडात ‘रॉयल क्रेसेंट’ उभारला. चंद्रकोरीसारखी ३० घरांची रांग, ११४ खांब. समोरून पाहाल तर एकच राजवाडा. खरी गंमत मागे आहे. गिऱ्हाईक दर्शनी भिंतीचा तुकडा विकत घेई आणि त्यामागचं घर आपापल्या मर्जीनं बांधून घेई. त्यामुळे पाठीमागे ओबडधोबड दगड, छपरं वरखाली, कुणाचा कुणाशी मेळ नाही.

पुढे कोळशाच्या धुरानं ही भिंत काळवंडली. धुरातला सल्फर डायऑक्साइड दमटपणात चुनखडीशी भिडला की जिप्सम तयार होतं आणि त्यात काजळी अडकते. पाऊस थेट झोडपतो तिथे दगड धुऊन निघतो. कंगोऱ्याखालच्या आडोशाला मात्र काळी खपली धरते, फुगते, आणि निघताना दगडाचा पापुद्रा घेऊन जाते.

अशा भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातून बाहेर पडते आणि तिच्यातले क्षार दगडच फोडतात. चुन्याचा सांधा मऊ असतो. झिजायचं तर तो आधी झिजतो. तो पुन्हा भरता येतो.

ही घरं पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू असल्यानं आतली जुनी शेकोटी हलवायलाही परवानगी लागते. १९७०च्या दशकात २२ नंबरच्या मालकिणीनं पांढऱ्या दारांच्या रांगेत आपलं दार पिवळं रंगवलं. नगरपालिकेनं नोटीस काढली, प्रकरण थेट सरकारपर्यंत गेलं. दार पिवळंच राहिलं.