विषाणुजन्य नेत्रसंसर्ग आणि प्रतिकारसंस्था

डोळ्यात शिरलेल्या विषाणूला शरीराची प्रतिकारसंस्था रोखते, पण त्या झटापटीत दृष्टीलाही इजा होऊ शकते. कॉर्नियात (पारपटलात) रक्तवाहिन्या नसतात आणि कोलॅजन या प्रथिनाचे तंतू ठरावीक अंतरावर रचलेले असतात, म्हणून ती पारदर्शक असते. कातडीवरचा लहानसा वण सहज खपून जातो. कॉर्नियाच्या मध्यावरचा तेवढाच वण नजर अधू करतो.

पहिली फळी अश्रूंची. त्यांतली आयजीए प्रतिपिंडे विषाणूला पेशीला चिकटू देत नाहीत. तरीही तो आत घुसलाच, तर बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिने सोडून शेजारणींना सावध करतात.

नेत्रगोलाच्या आत मात्र दाह मुद्दाम दाबून ठेवलेला असतो. एरवी शरीर नाकारते ती परकी त्वचा सशाच्या डोळ्यात ठेवली तर टिकून राहते, हे शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये दाखवले. या सवलतीचा फायदा विषाणूही उठवतात: इबोलातून बऱ्या झालेल्या एका रुग्णाचे रक्त विषाणुमुक्त असतानाही डोळ्यातल्या द्रवात जिवंत विषाणू सापडला होता.

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या संसर्गात ही गुंतागुंत सर्वांत स्पष्ट दिसते. डोळ्यात फ्लुरोसिन हा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, की झाडाच्या फांदीसारखा व्रण हिरवा चमकतो. ही करणी विषाणूची. इथे नुसते दाह दाबणाऱ्या स्टिरॉइडचे थेंब घातले तर व्रण फोफावतो. म्हणून लाल डोळ्यात स्वतःच्या मनाने असे थेंब कधीही घालू नयेत. उलट, कॉर्नियाच्या खोल थरातली सूज मुख्यतः टी पेशी आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे येते. तिथे विषाणुरोधक औषधाच्या जोडीने तेच स्टिरॉइड नजर वाचवते. विषाणू पुढे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जागंडिकेत (चेतापेशींच्या गाठीत) सुप्त राहतो. तिथे सीडी८ प्रकारच्या टी पेशी बाधित चेतापेशींना वेढून बसतात आणि त्या पेशी न मारता विषाणूला दडपून ठेवतात. इतका संयम शरीरात क्वचितच दिसतो.

ॲडेनोविषाणूमुळे डोळे आले, की लाली ओसरल्यावरही काहींच्या कॉर्नियात बारीक पांढुरके ठिपके उमटतात. विषाणूच्या अवशेषांवरची ही प्रतिक्रिया महिनोन्‌महिने धूसरपणा ठेवते. स्टिरॉइडने ठिपके विरतात, पण ते थांबवल्यावर अनेकदा परततात.

एड्समध्ये सीडी४ प्रकारच्या टी पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५० च्या खाली गेल्यावर सायटोमेगॅलोविषाणू दृष्टिपटल पोखरतो आणि डोळ्यात दाह जेमतेम जाणवतो. एचआयव्हीवरच्या उपचारांनी प्रतिकारशक्ती परतली, की काही रुग्णांच्या त्याच डोळ्यात दाह उसळतो.