पाणथळ, खाजण की धारण तलाव? ठाणे खाडीच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईत धारण तलावांतला, म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या तलावांतला, गाळ काढायचा की नाही, यावरून वाद पेटतो. त्याच गाळाचे नमुने घेणारे पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी मात्र प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात अडतात. अभ्यासक्षेत्राला म्हणायचं काय?

ठाणे खाडीच्या तळाशी दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे काळा अग्निजन्य खडक, आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर भरती-ओहोटीने आणून टाकलेला गाळ. काठावरच्या आगरी-कोळ्यांनी या खाजणांत, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या खाऱ्या दलदलीत, बांध घातले, बांधाला उघाडी (पाणी ओहोटीला बाहेर सोडणारं आणि भरतीला अडवणारं दार) ठेवली आणि आत भात घेतला, मीठ पिकवलं. अशा जमिनींसाठी १९४८ साली खार जमिनीचा वेगळा कायदाही झाला.

१९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, १९७०पासून नवं शहर आखलं गेलं. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यानंतर पाण्यातला प्राणवायू, क्षारता आणि गाळातले जड धातू मोजण्याला अर्थ आला, कारण मोजलेल्या आकड्यावर आता कारवाई होऊ शकत होती. १९९०च्या दशकात रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे दिसू लागले आणि सगळ्यांच्या नजरा पक्ष्यांकडे वळल्या. गाळ मागे पडला, याचं मला आजही वाईट वाटतं. ओहोटीला प्लास्टिकची नळी चिखलात दाबून वर काढली, की वरचा पातळ थर तपकिरी दिसतो आणि खालचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. हा चिखल वाळवून भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला जाळला की वजनातल्या फरकावरून त्यातला सेंद्रिय भाग कळतो. गेल्या काही दशकांत खाडीत काय काय सोडलं गेलं, त्याची नोंदवही हीच.

आता धारण तलाव. नव्या शहराची बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास. जोराचा पाऊस आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) एकाच वेळी आलं तर पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून हॉलंडच्या धर्तीवर तलाव खोदले. पावसाचं पाणी तिथे थांबतं आणि ओहोटी लागली की फ्लॅप गेटमधून, म्हणजे बाहेरच्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपेतून, बाहेर पडतं. तत्त्व उघाडीचंच. पुढे गेटमधून भरतीचं पाणी आत शिरत राहिलं, गाळ साचला आणि तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली. २००५ साली न्यायालयाने तिवरं तोडायला मनाई केली, त्यामुळे गाळ काढायलाही परवानगीची गरज पडू लागली.

खरा गुंता २०१७च्या पाणथळ नियमांनी केला. पाणथळ जागांसाठीचा १९७१चा आंतरराष्ट्रीय रामसर करार नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही. ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही त्यात येतं. २०१७च्या नियमांनी मात्र भातखाचरं वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले, तसंच मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन आणि सिंचन यांसाठी केलेली बांधकामंही वगळली. म्हणजे जुनं खाजण जवळजवळ सगळंच बाहेर. पण ही यादी नीट वाचा, पुराचं पाणी धरून ठेवणारे तलाव तिच्यात नाहीत. तरीही ‘मानवनिर्मित आहे, सबब पाणथळ नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. हे वाचन चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भरीला, किनारा नियमन क्षेत्रातल्या (सीआरझेडमधल्या) जागांना हे नियम लागूच नाहीत, तिथे किनाऱ्याची अधिसूचना चालते. एकच तलाव एका नकाशात किनारा, दुसऱ्यात विकासाची जमीन आणि विद्यार्थ्याच्या वहीत पाणथळ.

२०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ साली सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेलं. पण भरतीच्या वेळी खाडीतल्या दलदलींवर पाणी चढलं की पक्षी ज्या तलावांत येऊन बसतात, त्यांतले बरेचसे अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिले. नेरूळच्या एका तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाल्याची तक्रार २०२४मध्ये गाजली आणि २०२५मध्ये तो संवर्धन राखीव करायचं ठरलं. आता तिथे रोज किती खारं पाणी यायला हवं, हा प्रश्न आहे. त्यासाठी एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत, मधला भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) धरून, निदान एक पंधरवडा, गेटच्या दोन्ही बाजूंना क्षारता आणि पाण्याची पातळी दर तासाला टिपावी लागेल, आणि तीच मोजणी पावसाळ्यात पुन्हा करावी लागेल.