स्कॉच प्रोफेसर

व्हिक्टोरियन काळात स्कॉटलंडहून इंग्लंडच्या, त्यातही लँकेशरच्या, क्लबांकडे खेळायला गेलेल्या फुटबॉलपटूंना पडलेले नाव. इंग्रज संघांना पासिंगचा खेळ त्यांनीच शिकवला, म्हणून ‘प्रोफेसर’. १८७८ च्या सुमारास हा ओघ सुरू झाला. तेव्हा पैसे घेऊन खेळणे इंग्लंडमध्ये नियमबाह्य होते, ते १८८५ पर्यंत; स्कॉटलंडमध्ये तर १८९३ पर्यंत. त्यामुळे या खेळाडूंची कारकीर्द मैदानावर जेवढी घडली, तेवढीच फुटबॉल असोसिएशन (एफए) या इंग्लिश संघटनेच्या सुनावण्यांत आणि क्लबांच्या हिशेबवह्यांत.

खेळाची पद्धत : स्कॉटलंड-इंग्लंड पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक येथे झाला आणि ०-० असा सुटला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते, आणि अंगापिंडाने इंग्रजांपेक्षा हलके. त्या काळच्या ऑफसाइड नियमानुसार पास घेणाऱ्याच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान तिघे असावे लागत. इंग्रजांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सात-आठ जण आघाडीला ठेवायचे. एकाने चेंडू पायाशी घेऊन धावायचे, बाकीच्यांनी मागोमाग जाऊन सुटलेला चेंडू उचलायचा.

क्वीन्स पार्कने २-२-६ अशी रचना धरली : दोन बॅक (बचावाला), दोन हाफबॅक (मधल्या फळीत), सहा फॉरवर्ड (आघाडीला). फॉरवर्ड जोडीजोडीने खेळत, डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मध्ये दोन. चेंडूवाला सरळ प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाई, तो पुढे आला की चेंडू बाजूच्या जोडीदाराकडे हलकेच सरकवी आणि स्वतः पलीकडे निघून परतीचा पास घेई. सगळा खेळ वेळेचा. पास लवकर दिला तर प्रतिस्पर्धी खेचला जात नाही. उशीर केला तर जोडीदार पुढे निघून जातो, त्याच्यासमोर दोघेच उरतात आणि तो ऑफसाइड ठरतो. चिखलात कातडी चेंडू पाणी पिऊन जड होई, मग आखूड पास निम्म्यावरच अडकत. म्हणून जोडी जुळायला हंगाम-दोन हंगाम एकत्र खेळणे आवश्यक असे. एकट्या खेळाडूपेक्षा एकमेकांची सवय असलेले दोघे बरोबर आणण्याकडे इंग्लिश क्लबांचा कल होता, त्याचे एक कारण हे. पुढे मधल्या दोघांपैकी एकाला मागे घेऊन २-३-५ झाले. या रचनेत सेंटर-हाफ, म्हणजे तीन हाफबॅकांतला मधला, सर्वांत महत्त्वाचा; ॲस्टन व्हिलाचा जेम्स कोवन हा त्यातला नामांकित स्कॉट.

फर्गस सूटर : ‘स्कॉच प्रोफेसर’चे सर्वांत स्पष्ट उदाहरण. ग्लासगोत जन्मलेला (१८५७) हा पाथरवट पार्टिक क्लबकडून खेळे. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, बांधकामे थंडावली आणि तो लँकेशरमधल्या डार्वेन या गिरणगावात आला. पार्टिकचाच खेळाडू जिमी लव्ह हा त्याच्या आधीच तिथे होता. इंग्लंडचा दगड कठीण, त्याने हात सुजतात, असे सांगून सूटरने छिन्नी-हातोडा सोडला. मग पोट कशावर चालत होते, हे गावात कुणाला विचारावे लागत नसे. १८७९ च्या एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या बादफेरी स्पर्धेत, डार्वेनने ओल्ड इटोनियन्स या उमरावी संघाविरुद्ध १-५ अशा पिछाडीवरून ५-५ अशी बरोबरी साधली. दुसरा सामनाही २-२ सुटला. तिसऱ्यात ते २-६ हरले. तिन्ही वेळा लंडनचा प्रवास गिरणी कामगारांनाच घडला. १८८० मध्ये सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला, तेव्हा डार्वेनमध्ये मोठा गहजब झाला. रोव्हर्सबरोबर त्याने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा एफए कप जिंकला. पहिल्या दोन अंतिम सामन्यांत हरलेला संघ क्वीन्स पार्क होता. स्कॉटलंडकडून मात्र तो एकदाही खेळला नाही.

पैशाची वाट : उघड पगार देता येत नसल्याने खेळाडूला गिरणीत नावापुरती नोकरी किंवा पब चालवायला दिला जाई, काही वेळा सामन्यानंतर बुटात नाणी ठेवली जात. स्कॉटिश गावांत इंग्लिश क्लबांच्या दलालांवर लोकांचा राग असे, त्यामुळे बोलणी गुपचूप चालत. जानेवारी १८८४ मध्ये अप्टन पार्क क्लबने प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार केली. प्रेस्टनचे चालक विल्यम सडेल यांनी पैसे देतो हे सरळ मान्य केले आणि संघ एफए कपमधून बाद झाला. उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिल्यावर जुलै १८८५ मध्ये व्यावसायिकता मान्य झाली, पण अटीवर : कपमध्ये खेळणारा व्यावसायिक मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षे राहिलेला हवा. ही अट स्कॉट खेळाडूंवरच रोखलेली होती, हे उघड आहे. रोव्हर्सच्या जेम्स फॉरेस्टला तेव्हा आठवड्याला १ पौंड मिळे.

इंग्लंडमध्ये लीग (क्लबांची साखळी स्पर्धा) सुरू झाली (१८८८) तीही विल्यम मॅकग्रेगर या स्कॉटच्या पुढाकाराने. पहिल्याच हंगामात प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि एकही गोल न खाता कपही घेतला. संघाचा मोठा भाग स्कॉट होता. प्रेस्टनचा गाजलेला बॅक निक रॉस नेमका त्याच हंगामात एव्हर्टनकडे होता. १८९४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो क्षयाने वारला.

स्कॉटलंडवरील परिणाम : इंग्लंडमध्ये खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघ बंद होता. एप्रिल १८९६ मध्ये ही बंदी मोडली आणि स्कॉटलंडने इंग्लंडला २-१ हरवले. घरच्या हौशीपणाचे सोंगही फार काळ टिकले नाही. रेंटन या रंगकारखान्याच्या गावाने १८८८ मध्ये स्कॉटिश कप जिंकून एफए कप विजेत्या वेस्ट ब्रॉमविचला ४-१ हरवले आणि स्वतःला जगज्जेते म्हणवले. लगेच त्यांचा जेम्स केली नव्या सेल्टिक क्लबकडे गेला. १८९० मध्ये सेंट बर्नार्ड्स हा क्लब छुप्या व्यावसायिकतेसाठी निलंबित झाला, तेव्हा तो ‘एडिंबरा सेंट्स’ असे नाव घेऊन रेंटनशी खेळला. शिक्षा रेंटनलाही झाली : पाच सामन्यांनंतर स्कॉटिश लीगमधून हकालपट्टी.

१८९३ पासून इंग्लिश लीगमधील क्लब हंगाम संपल्यावरही खेळाडूची नोंदणी स्वतःकडे रोखून ठेवू शकत होता. पगार न देता सुद्धा. सूटरसारखे शेजारच्या गावी निघून जाणे त्यामुळे संपले. १९०१-०२ च्या हंगामापासून आठवड्याला कमाल ४ पौंडांची मर्यादा आली, आणि सीमा ओलांडण्यात असलेला पैशाचा मोठा फायदाही घटला.