इंडक्शन आणि टूलबॉक्स टॉक यांत फरक काय?

"सेफ्टी ट्रेनिंग झालंय का?" असं साइटवर नव्याने आलेल्या कामगाराला विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, "हो, रोज सकाळी होतं की!" तो सांगत असतो ते टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं छोटं बोलणं. बेसिक ट्रेनिंग म्हणजे इंडक्शन, आणि ते वेगळं. दोन्हीकडे एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, शेवटी कागदावर सह्या होतात. गल्लत होते ती त्यामुळेच.

इंडक्शन कामाला हात लावण्याआधी व्हायला हवं, आणि काम किंवा जागा बदलली की पुन्हा. सायरन वाजल्यावर कुठे जमायचं, प्रथमोपचाराची पेटी कुठे, कुठली पीपीई (हेल्मेट, हातमोजे अशी संरक्षक साधनं) कशासाठी, थोडक्यात बचावलो तर कुणाला कळवायचं, हे सगळं त्यात येतं. एक मुद्दा मात्र सोयीस्करपणे गाळला जातो: जिवावर बेतेल असं वाटायला सबळ कारण असेल, तर कामगार काम सोडून बाजूला होऊ शकतो आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हे स्पष्ट आहे. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही, हेही त्यातच आहे.

टूलबॉक्स टॉक दहा-पंधरा मिनिटांचं, कामाच्या जागीच, फक्त आजच्या कामापुरतं. ग्राइंडरचंच घ्या. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक कव्हर) काढायचा नाही, डिस्कवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको, हे इंडक्शनमध्ये शिकवायचं. आज खालच्या मजल्यावर रंगकाम चालू आहे, थिनरचे डबे उघडे आहेत, ठिणग्या तिकडेच पडणार, तेव्हा आधी डबे हलवा आणि काम संपल्यावरही किमान अर्धा तास एक माणूस लक्ष ठेवायला थांबवा, हे टूलबॉक्स टॉकमध्ये.

टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरायचं असेल तर मात्र ही गल्लत जीव घेते. आत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. धुळीचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. आतला माणूस कोसळला की बाहेरचा त्याला काढायला तसाच उडी घेतो आणि तोही तिथेच पडतो. हे नीट समजावून, दोर-हार्नेस लावून, सराव करून घ्यायला वेळ लागतो. सकाळच्या टूलबॉक्स टॉकच्या दहा मिनिटांत ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरचं आजचं रीडिंग, परमिट (आत उतरण्याची लेखी परवानगी) आणि बाहेर कोण उभा राहणार एवढंच पाहून होतं. तो धोका तिथे पहिल्यांदाच कानावर पडत असेल, तर त्या माणसाला त्या दिवशी उतरवू नये.

सह्यांचे कागद दोन्हींचे वेगळे ठेवा. टूलबॉक्स टॉकच्या सह्या दाखवून इंडक्शन झाल्याचं भासवण्याची पळवाट तेवढ्याने बंद होते. आणि सही घेण्याआधी "समजलं का?" विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. ग्राइंडर हातात द्या आणि म्हणा, "डिस्क बदलण्याआधी काय करशील, करून दाखव." तो आधी प्लग काढतो की थेट डिस्कला हात घालतो, ते लगेच दिसतं.