‘सूर्यवंशम’ डब नाहीये, मामा!

अमळनेरला मामांकडे उन्हाळ्यात गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या: ताटात शेवभाजी आणि टीव्हीवर ‘सूर्यवंशम’. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी माझी, आणि समोर हिरा ठाकूर आपल्या बापाचे फोटो पुसतोय. यंदा मामांनी घास हातातच धरला, पडद्याकडे बोट केलं आणि अहिराणीत म्हणाले, “हाऊ पिक्चर डब शे. देख, त्या बाईना आवाज तिना नही शे.”

मी सिनेमातला शहाणा. लगेच म्हणालो, “मामा, डब नाहीये. रीमेक आहे.”

“एकच ते शे,” म्हणत मामांनी घास तोंडात टाकला.

ते ‘एकच’ माझ्या डोक्यातून जाईना. कारण मामा एकटे नाहीत. जळगाव-धुळ्याकडे साउथचा पिक्चर म्हटलं की डब, रीमेक, ‘कॉपी मारलेला’ सगळं एका पोत्यात जातं. पण दोन्हींची जात वेगळी आहे. कुठला सिनेमा डब बघावा आणि कुठल्याचा रीमेक बघावा, यावर माझी मतंही पक्की आहेत.

आधी डब. यात चित्र तेच राहतं. नट तोच, मारामारी तीच, पाऊसही तोच. संगीत आणि आवाजांचा ट्रॅक वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे दार आपटल्याचा, गाडीचा, ठोशाचा आवाज तसाच वापरता येतो. बदलतात ते फक्त संवाद. ते नुसते भाषांतरित करून भागत नाही, ते ओठांवर बसवावे लागतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. नटाचे ओठ पडद्यावर मिटलेले दिसत असतील तर लिहिणाऱ्याला तिथे यातलंच एखादं अक्षर आणावं लागतं, नाहीतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर ही कसरत सगळ्यात अवघड. नट पाठमोरा असला की मोकळं रान. डब सिनेमात हिरोची पाठ दिसत असताना अचानक एखादा जादा विनोद ऐकू आला तर तो कुठून आला ते आता कळेल.

रीमेकमध्ये येतो तो फक्त कागद. कथेचे हक्क घेतले जातात आणि बाकी सगळा संसार नव्याने मांडावा लागतो: नट, गाव, घर, देव, जेवण, पोलिसांची टोपी. डबमध्ये माणूस परका राहतो आणि बोली आपली होते. रीमेकमध्ये माणसालाच आपल्या गल्लीत आणून बसवायचं असतं.

ओळखायचं कसं? ओठ बघणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून मी पाट्या बघतो. डब सिनेमात हिरो शुद्ध हिंदीत धमकी देत असतो आणि मागे किराणा दुकानावर तेलुगू अक्षरं. गाड्यांच्या नंबर प्लेट तर फारच प्रामाणिक. आम्ही एमएच १९ आणि एमएच १८ वाले, प्लेट वाचायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे टीएन किंवा एपी दिसलं की विषय संपला.

फसवणारे सिनेमेही आहेत. ‘गजनी’ घ्या. तमिळ २००५चा, हिंदी २००८चा. दोन्हींचा दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास, दोन्हींत नायिका असिन, दोन्हींत खलनायक प्रदीप रावत. सूर्याच्या जागी आमिर खान आला. एवढे चेहरे तेच असताना कुणी ‘डब असेल’ म्हटलं तर त्याला मी दोष देणार नाही. तरी तो रीमेकच, कारण फ्रेम न् फ्रेम नव्याने चित्रित झालेली.

त्याहून गंमत म्हणजे एकाच वेळी दोन भाषांत काढलेले सिनेमे. ही युक्ती साउथने शोधली असं वाटत असेल तर आपल्या प्रभातकडे बघा. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत दोन्हींत निघाला. १९३७चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. त्याला डब म्हणता येत नाही आणि रीमेकही म्हणता येत नाही. मणिरत्नमने २०१०मध्ये हेच केलं. ‘रावण’ आणि ‘रावणन’ एकाच वेळी काढले आणि विक्रमला दोन्हींत घेतलं, पण हिंदीत तो पोलीस आणि तमिळमध्ये ज्याच्या मागे पोलीस लागलेत तो. एकाच नटाने एकाच गोष्टीत दोन्ही बाजूंनी खेळायचं. सिनेमा मला फारसा आवडला नाही, पण ही कल्पना आठवली की अजून मजा वाटते.

आता माझी मतं. इथून पुढे कुणी भांडायला आलं तरी चालेल.

मारामारीचा सिनेमा डबच बघावा. त्यात जीव नटाच्या चालण्यात असतो आणि ती चाल दुसऱ्याला उसनी देता येत नाही. ‘पुष्पा’ २०२१च्या डिसेंबरात आला तेव्हा हिंदीतला आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा होता. मूळ तेलुगूत तो माणूस चित्तूरकडच्या बोलीत बोलतो. हिंदीत ती बोली गेली, हे नुकसान खरं. पण खांदा अल्लू अर्जुनचा आणि गुर्मी तळपदेची, हे जमून आलं. उलट ‘विक्रम वेधा’चा २०२२चा हिंदी रीमेक मला अनाठायी वाटला. दिग्दर्शक तेच पुष्कर-गायत्री, प्रसंग जवळपास तेच, आणि माधवन-विजय सेतुपतीचा मूळ तमिळ सिनेमा आमच्याकडच्या पोरांनी आधीच हिंदी डबमध्ये दोन-दोनदा पाहिलेला. पोरांचं म्हणणं सरळ होतं: एकदा जेवून उठल्यावर पुन्हा पाट कशाला मांडायचा?

हॉलीवूडच्या बाबतीतही मी डबच्या बाजूचा. ‘जुरासिक पार्क’ हिंदीत डब होऊन आला आणि गावोगावी चालला, कारण डायनासोरला डब करावं लागत नाही. कार्टूनचं तर सोपंच. त्या प्राण्याचा स्वतःचा आवाज असा नसतोच, सगळ्या भाषांत तो उसनाच असतो.

विनोदी सिनेमाचा मात्र डब करू नये. हे मी हात जोडून सांगतो. विनोद शब्दात असतो, शब्दाच्या हेलात असतो, आणि ओठ मिटवण्याच्या नादात तो आधी मरतो. रीमेक केला तर काय होतं ते ‘हेराफेरी’ने दाखवलं. मूळ १९८९चा मल्याळम ‘रामजी राव स्पीकिंग’. प्रियदर्शनने २०००मध्ये तो हिंदीत आणला आणि त्यातल्या घरमालकाचा बाबूराव गणपतराव आपटे झाला. धोतर, जाड चष्मा आणि हिंदी बोलतानाही डोकावणारी मराठी. मूळ सिनेमात हा माणूस असा असणं शक्यच नव्हतं. डबमधून बाबूराव जन्माला आला नसता.

भुताच्या सिनेमात रीमेक का जिंकतो हे मला फार उशिरा कळलं. १९९३चा मल्याळम ‘मणिचित्रताळु’ बघा. केरळमधल्या जुन्या वाड्यातली बाई झपाटल्यासारखी होते आणि अचानक तमिळ बोलू लागते, कारण जिने तिला झपाटलंय असं सगळे समजतात ती नर्तकी तमिळ. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो भाषा बदलल्यामुळे. आता याचा हिंदी डब करा. घरातले सगळे हिंदी बोलतात, ती झपाटल्यावरही हिंदीच बोलते. भीती गेली. म्हणून रीमेक करणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडची ‘परकी’ भाषा शोधावी लागली. २००५च्या तमिळ ‘चंद्रमुखी’त ती तेलुगू बोलते. २००७च्या ‘भूल भुलैया’त राजस्थानातल्या हवेलीत बंगाली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, मग आपल्याकडे केला तर? नंदुरबारकडच्या एखाद्या वाड्यातल्या, अहिराणी बोलणाऱ्या सुनेला बहुतेक गुजराती बोलायला लावावं लागेल. मामा म्हणाले, त्यात घाबरण्यासारखं काय, अर्धी बाजारपेठ गुजराती बोलते. मुद्दा बरोबर आहे. रीमेकवाल्याला असाच विचार करावा लागतो.

रहस्याच्या बाबतीत माझं उदाहरण ‘दृश्यम’. मूळ २०१३चा मल्याळम, जीतू जोसेफचा. हिंदी २०१५चा, आपल्या निशिकांत कामतचा. मूळचा जॉर्जकुट्टी ख्रिश्चन, कुटुंबाला घेऊन ध्यानशिबिराला गेल्याचं सांगतो. कामतने त्याचा गोव्यातला विजय साळगावकर केला, शिबिराचा पणजीतला सत्संग केला, आणि सत्संगानंतर हॉटेलातली पावभाजी. घटना तीच, पण आपण कुठल्याही सुट्टीत करतो तसला बेत झाला. म्हणून हा माणूस खोटं बोलतोय हे माहीत असूनही आपल्याला तो दिवस खरा वाटायला लागतो. केबलवाला हिरो मात्र तसाच ठेवला, तो कुठल्याही तालुक्याच्या गावात सापडतो. कामतला हे काम उलट्या दिशेनेही जमलेलं होतं. २००५च्या ‘डोंबिवली फास्ट’चा तमिळ रीमेक, माधवनला घेऊन, त्यानेच केला. २०२०मध्ये तो गेला तेव्हा मी ‘दृश्यम’ पुन्हा लावला होता.

आणि मग ‘सैराट’. याचा ‘धडक’ झाला, २०१८ला. गाव गेलं, उदयपूर आलं. जातीची धार बोथट झाली, शेवटही बदलला. मी भुसावळला पाहिला, मध्यंतरात समोसा खाल्ला, आणि समोसा जास्त आठवतोय. पण त्याचा डबही मला नको आहे. आर्चीची बोली सोलापूरकडची, आमच्या कानाला ती तशी लांबचीच, तरी मराठी म्हणून सरळ आत जाते. ती काढून तिथे दुसरा आवाज बसवला की उरतं काय? असा सिनेमा आहे तसाच बघावा, खाली सबटायटल वाचत. वाचायला कंटाळा येत असेल तर नका बघू.

बोलीबद्दल मी जरा हळवा आहे, कबूल. आमची पिढी रोज स्वतःला डब करत मोठी झाली. घरी ‘माले भूक लागनी’, शाळेत ‘मला भूक लागली’. रावेर-यावलकडची पोरं लेवा बोलीत तेच करायची. बाईंनी प्रश्न विचारला की ओठ उघडण्याआधी आत एक भाषांतर व्हायचं, आणि घाईत एखादा ‘शे’ निसटला की वर्ग हसायचा. त्यामुळे पडद्यावर ओठ आणि आवाज जुळत नसला की आमच्या लक्षात इतरांपेक्षा लवकर येतं, असा माझा समज आहे. निदान मामांच्या बाबतीत तरी तो खरा ठरला.

मालेगावच्या सिनेमांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. नासिर शेखचा ‘मालेगाव के शोले’ हा तिसराच प्रकार. तो ना डब, ना रीमेक, ते विडंबन. रीमेकवाल्याला मूळ सिनेमा विसरायला लावायचा असतो. विडंबनवाल्याला मूळ सिनेमा तुमच्या डोक्यात सतत चालू हवा असतो, नाहीतर मालेगावच्याच दुसऱ्या सिनेमातला काडी पैलवानासारखा, यंत्रमागावर काम करणारा सुपरमॅन बघून हसू कशाचं येणार? याबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल, इथे आवरतं घेतो.

तर, मामांचं ‘सूर्यवंशम’. मूळ १९९७चा तमिळ ‘सूर्यवंशम’, शरतकुमारचा, बाप आणि मुलगा दोन्ही तोच. मग तेलुगूत झाला, व्यंकटेशचा. मग १९९९ला हिंदी, अमिताभचा. अमिताभ तमिळ सिनेमात डब करून घालता येत नाही, तेव्हा हा रीमेकच, हे मी मामांना मोबाईलवर तमिळ सिनेमाचे फोटो दाखवून सिद्ध केलं. मामा गप्प झाले. मी भात वाढून घेतला.

मग वाटलं, एकदा त्या बाईच्या आवाजाचंही बघून टाकावं. बघितलं आणि भात घशात अडकला. नायिका सौंदर्या दक्षिणेतली. तिचे हिंदी संवाद तिने म्हटलेलेच नाहीत, ते रेखाच्या आवाजात आहेत. सिनेमा रीमेक, पण त्यातली नायिका डब. वर्षानुवर्षं तो सिनेमा पाहून मला कळलं नव्हतं, मामांना शेवभाजी खाता खाता कळलं.

मी सांगितलं. मामांनी नुसती मान हलवली, जिंकल्याचा आव न आणता, म्हणजे जास्तच जिंकले. आणि स्वयंपाकघरातून, तव्यावरची भाकरी न सोडता, मामी म्हणाली, “ती रेखा शे. माले माहीत शे.”

इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मामांनी विचारलं. मामीने भाकरी उलटली आणि विचारलं, अजून एक वाढू का.